फरशीची उंची

गणिताच्या सरांनी बेडरूममधल्या जुन्या फरशीवर लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या स्वतःच्या हाताने बसवायचं ठरवलं, ते काही हौसेपोटी नव्हे. बायकोच्या थोरल्या भावाला बोलवावं लागू नये म्हणून. या दादांचा फर्निचरचा कारखाना होता. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी सरांच्या स्वयंपाकघरात दोन कपाटं बसवली, आणि तेव्हापासून जेवायला आले की आधी ती उघडून बघायचे. "भावजी, अजून कुरकुर नाही हं बिजागरीची!" असली आणखी अकरा वर्षं काढायची सरांची तयारी नव्हती.

"दादाला नुसतं विचारून बघू का?" बायको म्हणाली होती.

"एकात एक पट्टी अडकवायची. शाळेतली पोरंसुद्धा करतील."

"तुमच्या शाळेतली?"

सरांनी लांबी मोजली, रुंदी मोजली, क्षेत्रफळ काढलं आणि भिंती काटकोनात नाहीत म्हणून बिल्डरचा उद्धार केला. मग फोम अंथरला, वर पट्ट्या. खोक्यावर 'गोंद लावू नये' असं छापलेलं होतं. कारण दिलेलं नव्हतं, आणि कारणाशिवाय सांगितलेलं सर मानत नसत. त्यांनी प्रत्येक सांध्याला सढळ हाताने गोंद लावला. शेवटच्या ओळी दारापाशी आल्या. आत उघडणारं दार सारखं मध्ये येई. सरांनी ते लावून घेतलं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काम फत्ते केलं.

गोंद वाळल्यावर बायकोला दाखवायला त्यांनी दार ओढलं. दार हललं नाही. गुडघ्यावर बसून पाहिलं, तर फोमसकट फरशी बारा मिलिमीटर वर आली होती आणि दाराखालची फट होती आठ. वीस वर्षं घनफळ शिकवणारा माणूस उंची विसरला होता.

सरांनी पट्टी उपटून पाहिली. नख उपटलं. त्यांनी दाराला लाथ घातली.

"अहो, अडकलात का?" बाहेरून बायको.

"अडकलो नाही. दार उघडत नाही."

"बिजागऱ्या आतून आहेत ना? काढा की."

"पेचकस हॉलमध्ये राहिला. खिडकीतून दे. आणि दादांना यातलं काही कळता कामा नये."

"लाथ ऐकली तेव्हाच फोन केला मी. निघालाय तो."

तळमजल्याच्या खिडकीत पंधरा मिनिटांत दादांचं तोंड उगवलं. त्यांनी गज धरले, सरांना डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "भावजी, भेटीची वेळ संपायच्या आत काय ते बोलून घ्या."

पेचकस आत आला, त्यामागून सूचना आल्या. सर घामाघूम होऊन बिजागऱ्या सोडवत होते आणि दादा गजाबाहेरून "उलटा फिरवताय, भावजी" म्हणत होते. अखेर दार सुटलं. दादांनी ते हॉलमध्ये दोन खुर्च्यांवर आडवं टाकलं, पेन्सिलने रेघ मारली आणि करवत चालवायला घेतली. करवतीपेक्षा तोंड जोरात चालत होतं.

"उद्या कारखान्यात सांगतो सगळ्यांना! स्वतःला कोंडून घेणारा कारागीर पहिल्यांदाच बघितला. क्षेत्रफळ बरोबर हं, पण!" बायको दाराचं दुसरं टोक धरून हसत होती.

निम्मं कापून झालं तेव्हा सरांचं लक्ष गेलं. करवतीच्या अलीकडे, वीतभर अंतरावर, दाराची वरची कडी होती. वरची.

सरांनी बोलायला तोंड उघडलं. दार त्यांचं होतं. ते चांगलं सागवानी होतं. त्यांनी तोंड मिटलं.

"काय म्हणत होतात?" दादांनी विचारलं.

"काही नाही. चालू द्या."

पट्टी टपकन खाली पडली. दादांनी भुसा फुंकला, दार उभं केलं आणि कडीकडे बघत राहिले.

"हे वरचं टोक होतं?" ते म्हणाले.

"मला वाटलं, तुमची काही खास पद्धत असेल."

"बघत होतात, तर बोलायचं नाही?"

"तुम्हाला मी काय सांगणार?"

बायकोचं हसू थांबलं होतं. दादा बिजागऱ्या वर सरकवून जमेल, कडीची जागा बदलावी लागेल, असं काहीतरी पुटपुटत होते. सरांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली.

"बसा, दादा. होतं असं," ते म्हणाले. इतक्या मायेने ते मेहुण्याशी लग्नाच्या दिवशीही बोलले नव्हते.