दुपारची सावली

जावई शाळेच्या नोकरीत कायम होणार की नाही, हे माझ्या शब्दावर ठरणार होतं. मुख्याध्यापिका बाईंना आमचं नातं ठाऊक होतं. घरचा माणूस अडचण करणार नाही, एवढ्यासाठीच त्यांनी मला, एका निवृत्त शिक्षकाला, त्याच्या पाठाचा परीक्षक नेमलं असावं. मुलीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, तिथे तुमचं तत्त्वज्ञान पाजळू नका."

मी मागच्या बाकावर अंग चोरून बसलो. जावयाने टेबलावर विजेरी ठेवली, बाजूला पेन्सिल उभी केली आणि दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीला विचारलं, "भर दुपारी सावली लांब पडते की आखूड?"

"आखूड," ती पटकन म्हणाली.

जावयाचा चेहरा पडला. वर्गात कुणीतरी "अगंऽ" केलं.

"नीट आठव," तो दात आवळून म्हणाला.

मुलगी पांढरीफटक पडली. "चुकले सर. लांब."

"शाब्बास!" त्याच्या तोंडून निघून गेलं. मग आवाज मऊ करून तो म्हणाला, "चला, आता हिची चूक आपण प्रेमाने दुरुस्त करू या."

विजेरी लागली. चाळीस तोंडांतून एकदम "ओहोऽ" निघालं. तेही घोटून घेतलेलं होतं.

पाठ संपल्यावर बाहेर व्हरांड्यात जावई कानाशी लागला. "बाबा, सगळेच असं बसवून घेतात. कुणी चुकलंच नाही, तर शिकवणं दिसणार कसं?"

उत्तरं मला नेहमी घरी पोचल्यावर सुचतात. शिवाय मी असा कोण लागून गेलो? याच्या वर्गात निदान कुणी पेंगत तरी नव्हतं. माझ्या वर्गात पेंगायचे.

ऑफिसात बाईंनी आम्हा दोघांपुढे चहा ठेवला. "मग, कायम करायचं ना? लेकीचं कल्याण होईल."

मी मान डोलावणार होतो. कधी एकदा तिथून निघतो असं झालं होतं. तेवढ्यात ती मुलगी दारात आली. रडून नाक लाल झालेलं.

"बाई, माझ्यामुळे सरांचा पाठ बिघडला. पुढच्या वेळी मी नक्की चुकेन."

"गुणाची गं बाई," बाई म्हणाल्या.

"नाही," मी म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकलो. "याला कायम करू नका."

"बाबा!" जावई किंचाळला. "घरी काय सांगू?"

मी मुलीकडे वळलो. "बाळ, दुपारी सावली कशी असते?"

तिने आधी जावयाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"तुम्हाला कशी हवी?" तिने विचारलं.