हलक्या हाताची पाटी

"आधी फडकं ओलं कर, मग बोरूला हात लाव. माती कुणासाठी थांबत नाही."

लिहायला शिकवणाऱ्या हुझालातूबाईंचा हा आवाज रीबातूला रोज सकाळी ऐकू येई. बाई जाऊन एकवीस वर्षं झाली होती, पण आवाज आत्ताच अंगणातून सांगून गेल्यासारखा होता. रीबातूने घागरीत फडकं बुडवलं, पिळलं आणि मळून ठेवलेल्या मातीच्या गोळ्यावर पसरलं.

त्याआधीचं सगळं उरकलं होतं. उजाडायच्या आत अंघोळ, मग सूर्यदेव शमाशापुढे मूठभर सातूचं पीठ, वाटीभर पाणी, आणि देवाची अस्तुरी अय्या, तिच्यापुढे एक खजूर. हे झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. सिप्पार नगरीतल्या या मठात पंधराव्या वर्षी पाऊल ठेवलं तेव्हा घेतलेला नेम. तापाने फणफणली असतानाही तिने तो मोडला नव्हता.

मठातल्या बायका देवाला वाहिलेल्या. लग्न नाही, मूल नाही. जिची तिची खोली, जिचं तिचं अंगण. कुणी माग चालवी, कुणी दूरची शेतं बघे. रीबातू लिहायची. मठाच्या दाराशी होणाऱ्या दत्तकाच्या, घराच्या, वाटणीच्या करारांच्या मातीच्या पाट्या तिने चाळीस वर्षं लिहिल्या होत्या, आणि अंगणातल्या विटांच्या बाकावर पोरींना लिहायला शिकवलं होतं. आता शिकणारी एकच उरली होती. धाकट्या भावाची मुलगी दुशुप्तू. तेरा वर्षांची. तेवढं लांब नाव घ्यायला कुणाला सवड? सगळे दुशूच म्हणत.

पाटीच्या डाव्या बाजूला रीबातूने ओळी घालून द्यायच्या, उजव्या बाजूला दुशूने त्या उतरवायच्या, चुकलं तर ओल्या बोटाने पुसायचं आणि पुन्हा उतरवायचं. पुसून पुसून उजवी बाजू पातळ होई. डावीकडच्या ओळी घालायला रीबातूला काही अडचण नव्हती. तिथे काम हाताचं होतं, आणि हाताला सगळं पाठ होतं. अडायचं ते पुढे.

"आत्या, झालं."

"आण इकडे."

रीबातूने पाटी उन्हाकडे धरली, डोळे बारीक केले, मान डोलावली. हे बघणाऱ्यांसाठी होतं. हल्ली तिच्या डोळ्यांपुढे भट्टीवरच्या धुरासारखं काहीतरी कायम उभं असे. खरं वाचन पाटी मांडीवर उतरली की व्हायचं. तर्जनी ओळीवरून सावकाश फिरायची आणि बोरूने उमटवलेली अक्षराची एकेक पाचर बोटाला लागायची.

"झाऊ... खजूर... बाभूळ... वाळुंज. झाडं सगळी बरोबर आहेत. पण हे काय गं? लिहितेस की नांगरतेस? यात सातू टाकला तर चार दिवसांत उगवून येईल."

दुशू खिदळली. "हातच जड आहे माझा. आई म्हणते, मी भाकरी थापली की शेजाऱ्यांची बदकं पळतात."

"बदकांचं राहू दे. गेल्या वर्षी नव्हता जड."

"वाढलेय ना मी. हातपण वाढला."

रीबातूला हसू आलं. पोर बोलण्यात कुणाला हार जायची नाही.

दुपार कलायच्या सुमाराला गल्लीत वहाणा फरफटल्याचा आवाज आला. तो आवाज ओळखायला डोळे लागत नव्हते. नारामतू. दोघी एकाच बाकावर, हुझालातूबाईंच्या हाताखाली शिकल्या होत्या. बाईंनी आपली शाळा आणि आपला बोरू रीबातूला दिला, त्या दिवसापासून नारामतू तिच्याशी कामापुरतंच बोलत असे. आता ती मठाच्या दाराशी लिहिलेल्या पाट्या वाळवायचं आणि जपायचं काम पाही.

"आहात का घरात, लेखनिकबाई?"

"ये गं. खजूर घे."

"खजूर नको. हे घे." तिने रीबातूच्या मांडीवर दोन तुकडे ठेवले. "बघ. बघ म्हणतेय मी. चाचपू नकोस."

रीबातूचं बोट जागच्या जागी थांबलं.

"आपल्या मठातल्या इल्तानीच्या दत्तकाची पाटी. सावलीत सात दिवस वाळवली, तरी मधोमध चिरली. चिरेल नाही तर काय? पाचरी पार पलीकडे निघायच्या बाकी आहेत. आता पुन्हा लिहा, पुन्हा साक्षीदार गोळा करा. त्यातला तो नदीपलीकडचा म्हातारा मागच्या खेपेला तीन मडकी बिअर रिचवून गेला आणि वर म्हणाला, काय ती कंजूष माणसं."

दुशूला हसू फुटलं, पण ते तिने गिळलं.

"तू हसू नकोस. हे तुझंच लिहिलेलं आहे ना?"

"हो, मावशी."

"आणि तपासलं कुणी?"

"मी," रीबातू म्हणाली.

नारामतूने तुकडे उचलून घेतले. मग आवाज उतरवून म्हणाली, "कारभाऱ्यांनी विचारलंय. महिन्याच्या विसाव्या दिवशी, देवाच्या दिवशी, ठरवणार आहेत. असाच हात असेल तर पोरीला इथे ठेवून उपयोग काय, घरी धाडा म्हणतात. सूत कातेल बापडी."

दुशूने बाकाची कड धरली.

"हात चांगला आहे तिचा," रीबातू म्हणाली.

"होता. मी पाहिलाय ना. ओल्या वाळूवरून पाणपाखरू चालून जावं तसा. आता त्याच वाळूवरून बैल गेलाय." ती जायला वळली. "कुणी बिघडवला ते तुमचं तुम्ही बघा. विसाव्याला चार दिवस आहेत."

जाताना तिने रीबातूच्या वाटेतली घागर पायाने भिंतीकडे सरकवली.  घागर फरशीवर घासल्याचा आवाज तेवढा रीबातूने ऐकला.

दुशू पुन्हा बोरू घेऊन बसली. 

दिवस मावळायच्या आत अंगणाच्या कोपऱ्यातल्या हौदात दिवसभराच्या सगळ्या पाट्या बुडवायच्या, भिजल्या की मळून पुन्हा गोळा करायचा, ही बाईंनी घालून दिलेली रीत. शिकताना केलेलं राखून ठेवायचं नाही. रीबातू हौदाच्या काठावर बसली, बाह्या वर केल्या आणि शेजारच्या टोपलीतून एकेक पाटी उचलून पाण्यात सोडू लागली. तिसरी की चौथी हातात आली ती गुळगुळीत लागली. तिने अंगठा फिरवला. मग तर्जनी.

"ही कोरीच टाकलीस का गं? माती थापायला श्रम पडतात, दुशू."

दुशूची पावलं दोन हातांवर येऊन थांबली.

"दुशू?"

"कोरी नाही, आत्या."

रीबातूने पुन्हा बोट फिरवलं. काहीतरी होतं, केसासारखं, बोटाखालून निसटणारं. तिने पाटी मावळतीकडे धरली. तांबडा धूर दिसला, बाकी काही नाही.

"काय लिहिलंय?"

"झाऊ, खजूर, बाभूळ, वाळुंज."

"ते तर सकाळी दाखवलंस."

"ती तुझ्यासाठी होती. ही माझी."

रीबातूच्या हातातून पाणी ठिबकत राहिलं. शेजारच्या अंगणात कुणीतरी जात्यावर बसलं होतं, त्याची घरघर मधेच थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"कधीपासून चाललंय हे?"

"थंडीत तू माझी पाटी उलटी धरलीस ना, तेव्हापासून."

"उलटी?"

"हो. आणि म्हणालीस, छान उतरलंय."

रीबातू हसली. हसता हसता तिला ओठ आवळून घ्यावे लागले. "आणि इल्तानीची पाटी?"

"ती तूच तपासणार होतीस. मग तिथे तरी हलकं कसं लिहू?" दुशू जवळ येऊन उकिडवी बसली. "मला वाटलं, वाळेपर्यंत टिकेल. आणि आता तर सवयच लागलीय. हलकं लिहायचं म्हटलं तर हात मधेच दाबतो. ही पाटी मी तीनदा पुसली तेव्हा कुठे जमली."

"सांगायचं नाहीस का गं मला?"

"सांगितलं असतं तर तू बोरू खाली ठेवला असतास. मग दिवसभर काय केलं असतंस तू?"

 रीबातूने पाटी हौदात सोडली नाही. फडकं ओलं केलं, पाटी त्यात गुंडाळली आणि सावलीतल्या कोनाड्यात ठेवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा शिकणारीची पाटी मावळतीनंतर राहिली होती.

बाईंचं शेवटचं आजारपण तिला आठवत होतं. त्यांचेही डोळे गेले होते. बोरू तिच्या हातात देऊन त्या म्हणाल्या होत्या, "हात नारामतूचा चांगला आहे, मला ठाऊक आहे. पण तू दिलेला शब्द मोडत नाहीस, म्हणून तुला देतेय. बोटांनी वाचायची पाळी आली की हा दुसरीच्या हातात दे. कुणी येऊन सांगेपर्यंत थांबू नकोस. मी थांबले, तीन पोरींचे हात बिघडवून." आणि रीबातूने उंबऱ्यात आलेल्या उन्हाकडे, देवाकडे, हात करून हो म्हटलं होतं. पीठ-पाण्याचा नेम तिने एक दिवस चुकवला नव्हता. हा शब्द मात्र किती दिवस मोडत होती, देवालाच माहीत. रोज सकाळी त्याच देवापुढे ती हात जोडून उभी राहत होती.

दुसऱ्या दिवशी तिने पीठ वाहिलं, पाणी वाहिलं, अय्यापुढे खजूर ठेवला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिली. मग घास न खाताच कोनाड्यातली पाटी काढली, फडकं पुन्हा ओलं केलं आणि बाईंचा बोरू कमरेला खोचला.

दुशू अंगण झाडत होती. झाडू थांबला. "कुठे निघालीस?"

"नारामतूकडे. बाईंचा बोरू तिला द्यायला."

"ती भांडेल, आत्या."

"भांडू दे. एकवीस वर्षांचं साठलंय, एकदा निघायला हवं. पण पाटी बघेल ती. बघितली की विसाव्याला तुझ्या बाजूने तीच बोलेल, आणि उद्यापासून तू तिच्या बाकावर बसशील. हात तीच हलका करेल तुझा."

"आणि तू?"

"मी माती मळेन. तिला नाहीतरी माती धड मळता येत नाही. बाई रोज ओरडायच्या तिच्यावर."

दुशू झाडू टाकून पुढे आली. "मी येते धरायला. त्या गल्लीत दोन पायऱ्या आहेत."

"तीन आहेत. तू राहा. हे माझं मला करायचंय."

ती उंबरा ओलांडून गल्लीत उतरली. ऊन नुकतंच भिंतीवरून खाली येत होतं, गालाला लागत होतं. रोज ती डावा हात भिंतीवर ठेवून चाले. इतक्या वर्षांत तिथली माती गुळगुळीत झाली होती. आज पाटीवर बोट दाबलं जाऊ नये म्हणून तिने ती दोन्ही उघड्या तळव्यांवर धरली होती. भिंतीसाठी हात उरला नव्हता. पहिल्या पायरीपाशी ती थांबली, पायाने कड शोधली, आणि सावकाश खाली उतरली.