टपाखालची वाकळ

मी एक जुना पुठ्ठा आहे, मित्रांनो. हसू नका! रद्दीतला नव्हे, मोटारगाडीतला. गाडीत बसून मान वर केली की कापडाचं छत दिसतं ना, त्या कापडामागे मी असतो. कौतुक कापडाचं होतं, माझं नाव कुणी घेत नाही. पण सगळ्यांच्या डोक्यावर बसायचा मान माझा, आणि तो मी तेरा वर्षं नेटानं सांभाळला.

माझा जन्म १९९६ सालचा. लाकडाचा भुसा आणि डिंक यांचा लगदा तापलेल्या साच्यात दाबला आणि मी कडक होऊन बाहेर पडलो. माझ्या अंगाला फोमचा पातळ थर लावला आणि त्यावर राखी रंगाचं मऊ कापड. पहिले मालक पुण्याचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे माझी चैन होती. गाडी कायम सावलीत, आणि बसणारा म्हणायचा, "आतून काय झकास आहे हो!" ते ऐकून मी चांगलाच फुगायचो.

सात वर्षांनी डॉक्टरांनी गाडी विकली आणि मी केडगावला म्हाळूआप्पांच्या दारात आलो. आप्पा रेल्वेचे गेटमन. गावाजवळच्या फाटकावर बत्तीस वर्षं काढून नुकतेच रिटायर झाले होते. लग्नसराईत फुलांच्या माळा लावलेल्या गाड्या त्यांच्या फाटकापाशी खोळंबायच्या. आत नवरी, बाहेर हातात झेंडी घेतलेले आप्पा. आगगाडी गेली की आप्पा फाटक उघडायचे आणि नवरी निघून जायची. अशा किती नवऱ्या गेल्या, त्याचा हिशेब नाही. तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आपली लेक दीक्षा सासरी जाईल ती आपल्या गाडीतून, आणि गाडी चालवणार आपण.

आप्पांची बायको अनसाबाई मात्र फटकळ. गाडी दारात आली त्या दिवशी तिनं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "खुराडं हाय का गाडी?"

"खुराडं तर खुराडं," आप्पा म्हणाले. "त्यातला कोंबडा तर मीच हाय!"

पण आप्पांच्या घरापुढे झाड नव्हतं. दिवसभर टप तापायचा. उन्हानं माझा फोम कुजला आणि कापड माझा हात सोडून खाली लोंबू लागलं. आप्पांच्या डोक्याला ते घासायचं, मागच्या काचेवर पडदा धरायचं. आरशात बघावं तर मागे ट्रक आहे की बैलगाडी, काही पत्ता लागायचा नाही. आप्पांचा मुलगा सतीश शिक्रापूरला कारखान्यात कामाला होता. सुट्टीवर आला की तो कापडात टाचण्या खुपसून जायचा. मला त्या टोचायच्या. खड्डा आला की एखादी निसटायची आणि आप्पांच्या मानेत जाऊन बसायची. माझी अगदी लाज गेली, मित्रांनो. ज्याच्या डोक्यावर बसायचं त्यालाच मी बोचत होतो.

अशात दीक्षाचं लग्न ठरलं. मुलगा कवठे येमाईचा, शाळेत मास्तर. लग्न त्यांच्या गावी, मे महिन्यात, बौद्ध पद्धतीनं. मुलाचे वडील रखमाजी म्हणाले, "नवरीला आणायला आमी जीप धाडतो." आप्पांनी हात जोडले. "जीप नगं. माझी लेक माझ्या गाडीतनं येईल."

शब्द दिला गेला. बारा दिवस राहिले होते. दीक्षाला घेऊन आप्पा दौंडला गेले आणि लग्नाची पांढरीशुभ्र साडी घेऊन आले. येताना हौसेनं तिनं साडी पिशवीतून काढून खांद्यावर टाकून पाहिली. घरी उतरली तर पदरावर पिवळा भुगा! तिनं हातानं झटकला, तो आणखीनच पसरला. तो भुगा माझ्या कुजलेल्या फोमचा होता, टाचण्यांच्या भोकांतून गळलेला.

अनसाबाईनं साडी दोनदा धुतली, तेव्हा कुठं डाग गेले. दीक्षा रडवेली होऊन म्हणाली, "आप्पा, मी जीपमधनं जाते. पांढऱ्या साडीवर हे पडलं तर सगळ्या वऱ्हाडात तुमचं हसं हुईल." आप्पा तसेच बाहेर आले. गाडीत येऊन बसले आणि कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहा दिवसांनी सतीश आला. पुण्याला न्यावं तर तिथले कारागीर महिन्याचा वायदा सांगत होते. सतीश म्हणाला, "आप्पा, घरीच करू. आमच्या कारखान्यात रबर चिकटवत्यात ते सोल्युशन आणलंय." बापलेकांनी दिवा काढला, उन्हाची झापडं काढली, दारांवरचं रबर सोडवलं, पुढच्या सीट पाठीमागं पाडल्या आणि मला मागच्या दारातून अलगद बाहेर ओढलं. मी मोडलो असतो तर खेळ खलास होता. पण मी कच्चा नाही, वाकलो आणि निघालो.

अंगणात पोत्यावर मला उताणं टाकलं. जुनं कापड फाडलं आणि आप्पा काथ्यानं माझं अंग घासायला बसले. तास-दीड तासानं त्यांचे केस, मिशा, बंडी, सगळं पिवळं झालं. अनसाबाई दारातून ओरडली, "अगं बया! पोरीच्या आधी बापालाच हळद लागली की!" सगळे हसले. साडीवर भुगा पडल्यापासून पहिल्यांदा त्या घरात हसू आलं.

सतीशनं दौंडहून साटीनचं चकचकीत कापड आणलं होतं. भसाभस सोल्युशन ओतलं आणि लगेच कापड दाबलं. कापड पातळ, सोल्युशन ओलं. वर पिवळे डाग उमटले, जणू मला नायटा झाला होता. सतीशनं कपाळाला हात लावला. सगळं ओरबाडून काढावं लागलं. आता लग्नाला चारच दिवस उरले होते.

तेव्हा अनसाबाई आत गेली आणि एक वाकळ घेऊन आली. तुमच्याकडे गोधडी म्हणतात, आमच्याकडे वाकळ. जुन्या धुवट लुगड्यांचे थर आणि वर बारीक धावदोरा. मधोमध दीक्षाच्या शाळेच्या निळ्या फ्रॉकचा चौकोन होता. दोन महिने बसून अनसाबाईनं ती लेकीला सासरी द्यायला शिवली होती.

"ही लावा," ती म्हणाली. "थर हायेत, डाग वर यायचा न्हाई."

"आई, ती माझी वाकळ हाय," दीक्षा म्हणाली.

"मंग? तुझ्याच डोक्यावर राहील ना. अंगावर नंतर घे."

सतीशनं या वेळी घाई केली नाही. माझ्या अंगाला सोल्युशन लावलं, वाकळीच्या पाठीला लावलं आणि दोन्ही वाळू दिलं. बोटाला चिकटेना झालं तेव्हा अनसाबाईनं वाकळ मधून टेकवली आणि भाकरी थापावी तशी तळव्यानं कडेकडेला दाबत नेली. एक चुणी पडली नाही! मग तिनं दाभण घेतलं आणि माझ्या चारी कोपऱ्यांत जाड दोऱ्याचे टाके घालायला लागली.

"आई, हे गाडीचं काम हाय, वाकळंचं न्हाई," सतीश हसत म्हणाला. "सोल्युशन पक्कं हाय."

"असू दे की पक्कं. दोरा काय खायला मागतोय?"

दाभण माझ्या आरपार गेलं. दुखलं, पण त्या टाचण्यांसारखं नाही. टाचणी वरवर टोचते, दोरा धरून ठेवतो.

लग्नाच्या दिवशी आप्पा पांढरा सदरा घालून चालवायला बसले. मागे दीक्षा, शेजारी अनसाबाई, पुढे सतीश. गाव सोडलं आणि ते फाटक आलं. तेच, आप्पांचं. बंद! ऊन तर असं की डांबर पाघळत होतं. नवा गेटमन नवनाथ धावत आला. "आप्पा, तुमी व्हय! थांबा, गाडी लांब हाय, उघडतो पटकन."

"अजिबात न्हाई," आप्पा म्हणाले. "बत्तीस वर्षं लोकांना थांबवलं मी. आता माझ्यासाठी उघडतो व्हय?"

इंजिन बंद झालं. वारा थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. टप तव्यासारखा तापला आणि मागच्या कोपऱ्यातलं ते पक्कं सोल्युशन पाघळू लागलं. बरोबर दीक्षाच्या डोक्यावर! वाकळ माझ्यापासून सुटायला लागली. खाली पांढरी साडी, आणि वाकळीच्या पाठीला चिकट पिवळा लेप. जीव खाऊन धरून राहिलो, पण पुठ्ठ्याला हात कुठले? वाकळ बोटभर खाली आली. आता पडते, असं वाटलं. तेवढ्यात ती जागच्या जागी थांबली. अनसाबाईचे टाके ताठ झाले होते.

आगगाडी धडधडत गेली. नवनाथनं फाटक उघडलं आणि हातातली हिरवी झेंडी आप्पांच्या गाडीला दाखवली. आप्पांनी डोळे पुसले आणि गाडी काढली. पारगावचा पूल, न्हावरा, शिरूर असं करत आम्ही कवठ्याला पोचलो. सगळं वऱ्हाड पाहत असताना आप्पांनी दीक्षाला उन्हात उभं केलं आणि गोल फिरवून साडी बघितली. एक कण नव्हता. मग आप्पा अशा थाटात मांडवात शिरले की रखमाजींनाच कळेना, नवरदेवाचा बाप कोण!

त्या कोपऱ्यात काय झालं होतं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं.

पुढे पाच वर्षं गाडी चालली. २००९ मध्ये इंजिननं मान टाकली आणि भंगारवाला आला. आप्पांनी त्याला थांबवलं, मला बाहेर काढलं आणि टेम्पोत घालून थेट कवठ्याला आणलं. दीक्षा दारात आली. "आप्पा, हे काय?"

"तुझी आई म्हणाली, पोरीची वाकळ द्यायची राहिलीय."

आता मी दीक्षाच्या घरात पत्र्याखाली बांधलेला आहे. वरून ऊन मी घेतो, खाली तिची लेक प्राची झोपते. मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू लोंबू लागली तर तिला टाचणी टोचून पुढे जाऊ नका. खाली उतरवा, घासून साफ करा, धीरानं वाळू द्या. आणि आई टाका घालते म्हणाली तर घालू द्या.

प्राची रोज दुपारी उताणी पडून निळ्या चौकोनाकडे बोट करते आणि विचारते, "आई, तो फ्रॉक कुणाचा?" दीक्षा सांगते, "माझा." कोपऱ्यातल्या टाक्यांचं तिनं अजून विचारलेलं नाही. विचारील तेव्हा त्या टाक्यांनी काय वाचवलं, ते दीक्षाला ठाऊक नसेल. म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगून ठेवावं.