जिन्यातलं आसन

चेलनानं मोबाइल पापडाच्या डब्याला टेकवून उभा केला. तो घसरला. तिनं पुन्हा उभा केला. गच्चीवरच्या त्या खोलीत गाद्या, रजया आणि वर्षभराच्या पापडांचंच राज्य होतं. पण चाळीसगावच्या त्या घरात दार लावून बोलायला दुसरी जागा नव्हती. खाली कापडाचं दुकान, वर माणसं, आणि माणसांना दारं उघडी ठेवायची सवय.

समुपदेशक निवडण्यातच तिचे बरेच दिवस गेले होते. जळगावच्या एक बाई फोटोत मायाळू दिसत होत्या, पण आडनाव लोढा, आपल्याच ओसवाल जैनांतलं. म्हणजे त्या कोणाच्या तरी मावशी निघणार आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या समाजाला कळणार. शेवटी तिनं कोल्हापूरच्या कदमबाई निवडल्या. कदमांशी ओसवालांची सोयरीक निघायची भीती नव्हती.

वेळही तिनं विचार करूनच घेतली होती, सासूबाईंच्या सामायिकाची, म्हणजे जैनांच्या त्या अठ्ठेचाळीस मिनिटांच्या ध्यानाची. दुपारी तोंडाला मुहपत्तीची कापडी पट्टी बांधून प्रेमकुंवर मागच्या खोलीत आसनावर बसल्या, की सामायिक संपेपर्यंत जागच्या हलत नसत, कोणाशी बोलत नसत.

कदमबाई स्क्रीनवर आल्या.

"बोला चेलना. कुठूनही सुरुवात करा."

गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात गेलेल्या बाळाचा विषय घरात कोणी काढत नव्हतं. मायेपोटीच काढत नव्हतं, आणि तेच तिला सोसवत नव्हतं.

"मला मुलगी झाली होती," ती म्हणाली. "घरात कोणी बोलत नाही तिच्याबद्दल."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सासरे. चेलनानं मोबाइल रजईखाली सारला. पावलं मध्येच थांबली, कोणी तरी खाकरलं, आणि पावलं परत खाली गेली. तिला नवल वाटलं. मग तिनं मोबाइल पुन्हा डब्याला टेकवला आणि बोलत राहिली. रडलीही, भरपूर.

दार उघडलं तर वरच्याच पायरीवर प्रेमकुंवर. आसन, माळ, तोंडाला मुहपत्ती. सामायिकात बसलेल्या बाईला पुरुषाचा स्पर्श चालत नाही, आणि जिना इतका अरुंद की त्यांना न लागता वर येणं कोणाला जमलं नसतं.

चेलना दारातच थबकली. प्रेमकुंवरनी मुहपत्ती सोडली.

"झालं बोलून?"

"मम्मी, सामायिक मोडलं ना तुमचं."

"घेतलंच नव्हतं. प्रतिज्ञा म्हटलीच नाही आज. सामायिकात मन संसारात ठेवायचं नसतं, आणि माझे कान सगळे खालच्या पायरीवर. उगाच खोटं कशाला म्हणायचं?"

तापानं फणफणतानाही या बाईनं कधी सामायिक चुकवलं नव्हतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नळ सोडून रडतेस रोज. टाकी रिकामी होते, बेटा." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "परत कधी आहे?"

"पुढच्या बुधवारी."

"मग बुधवारचं सामायिक मी सकाळीच करून घेईन."

दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. मागे न बघता म्हणाल्या,

"काय नाव ठेवणार होतीस तिचं?"

"प्रियल."

प्रेमकुंवरनी ते नाव हळूच एकदा म्हणून पाहिलं. मग हातातल्या मुहपत्तीनंच डोळे पुसले.