लिहिताना पाणी

यशोदेने केळ्याची साल अर्ध्यावर सोडली, हात पदराला पुसले आणि सुनेच्या हातातला मोबाइल स्वतःकडे घेतला.

पडद्यावर तिचेच हात होते. अंगठ्यावरचा विळ्याचा जुना वण, हिरव्या बांगड्या, बांबूच्या मांडवावर ओळीने पसरलेली राजेळी केळी. तोंडही तिचंच हलत होतं. आवाज मात्र दुसऱ्याच कुणा बाईचा होता, पाकात बुडवून काढल्यासारखा. आमच्या वसईची पारंपरिक सुकेळी, आजीच्या मायेने उन्हात सुकवलेली, असं काहीबाही ती बाई यशोदेच्या तोंडातून बोलत होती.

"ही कोन?"

हेमालीने नजर केळ्यांकडे वळवली. सुमेधच्या ऑफिसात एक मुलगी आहे, तिचा आवाज लावलाय, असं ती म्हणाली. सुमेधचं ऑफिस माणिकपूरला, रिक्षा स्टँडसमोर वरच्या मजल्यावर. छोट्या धंदेवाल्यांचे व्हिडिओ तो करून द्यायचा. केकवाल्या, शिवणवाल्या, खानावळवाल्या बायकांना त्याने गिऱ्हाईक मिळवून दिलं होतं.

"आन माझा आधीचा व्हिडिओ?"

तो हेमालीने काढून टाकला होता. का, ते सांगायला तिला वेळ लागला. त्याच्याखाली लोकांनी हसरी तोंडं टाकली होती. 'आजी, पानी नाही हो, पाणी,' असं कुणी लिहिलं होतं. आणखी एकाने लिहिलं होतं, 'आधी शुद्ध बोलायला शिका, मग विका.'

 यशोदेला हे नवं नव्हतं. मिठागरांकडच्या गावातून ती वसईतल्या या होळी गावात लग्न होऊन आली, तेव्हा पाहुणे आले की नणंदा तिला मुद्दाम लोणी मागायला लावायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. ती 'लोनी' जरा मोठ्याने म्हणायची. पुढे पोरं मोठी झाल्यावर ती देवळामागच्या साक्षरता वर्गाला गेली. बाईंनी फळ्यावर 'ण बाणाचा' काढून दिला. यशोदेने तो पाटीभर गिरवला आणि सांगितलं, "लिहीन तुमच्यासारखा. बोलेन माझ्यासारखा." बाई हसल्या, पण ते हसू वेगळं होतं.

"काढ हा व्हिडिओ," ती आता म्हणाली.

"आई, लोक हसले की घेत नाहीत. आणि या वर्षी माल गेला नाही तर बाबा..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. होळी गावची सुकेळी घेणारं माणिकपूरचं जुनं दुकान दिवाळीत बंद झालं होतं. तिच्या नवऱ्याने, दयारामने, तेव्हाच सांगून ठेवलं होतं, हा हंगाम बघायचा. नाहीतर राजेळीची झाडं तोडून वाडीचा तो कोपरा नव्या बिल्डिंगवाल्यांना गाड्या लावायला द्यायचा. एक गोष्ट दोनदा सांगायची त्याला सवय नव्हती. त्याचा कोयता घासून ओटीवर ठेवलेला होता.

यशोदेने मोबाइल सुनेच्या ओंजळीत परत ठेवला.

"माझे हात घेतलेत, माझं तोंड घेतलंत, तेवढी जीभ कापलीत. मुकी होऊन मी सुकेली विकनार नाय. झाडं तुटली तर तुटू दे."

दुसऱ्या दिवशी सुमेध स्वतःच वाडीत आला. मुलगा वाईट नव्हता. पाटावर मांडी घालून बसला, सुकेळं मागून घेऊन खाल्लं, आणि लोक व्हिडिओवर किती थोडं थांबतात, पहिल्याच वाक्याला बोट कसं पुढे सरकवतात, हे त्याने नीट समजावून सांगितलं.

"मावशी, धंद्यात ऐकणाऱ्याच्या कानाचं बघावं लागतं."

"कानाने खातात काय सुकेली?"

सुमेध हसला. मग त्याने मधला मार्ग काढला. आवाज मावशींचाच ठेवू. फक्त तो एक शब्द टाळू. पाणी म्हणूच नका, ओलावा म्हणा.

यशोदेने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला.

"ओलावा भिंतीला येतो," ती म्हणाली. "हेमाली, तू धर मोबाइल."

ती मांडवाला पाठ देऊन बसली. डोक्यावरचा पदर नीट केला नाही, पुढ्यातली सालंही बाजूला सारली नाहीत.

"मी यशोदा, होलीची. ही राजेली. हिला उन पायजे, वारा पायजे. पानी लागलं का कामातून गेली. नीट आयका. पानी. आमच्याकडं पानीच म्हनतात, आन त्यानंच वाडी शिंपतात."

सुमेध उठून चपला घालू लागला. हे माझ्या ऑफिसच्या नावाने नको, एवढंच तो म्हणाला, आणि जाताना दोन सुकेळी आईसाठी मागून घेतली.

हेमाली मोबाइल हातात धरून उभी होती. ती चंदनसारला वाढलेली. तिच्या शाळेत असं बोलणाऱ्या मुलींना मागच्या बाकावर बसवत. तिने सासूकडे पाहिलं, कोयत्याकडे पाहिलं, आणि अंगठा दाबून व्हिडिओ टाकला.

संध्याकाळी मांडवावर कापड घालून झाल्यावर यशोदेने मोबाइल मागितला. हसरी तोंडं पुन्हा आली होती. 'पाणी आजी पाणी' हेही आलं होतं. ती एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचत गेली. मग तिने उत्तर लिहायला घेतलं. 'ण' कुठे असतो, तेवढं हेमालीने दाखवलं.

'लिहिताना पाणी. बोलताना पानी. मला दोन्ही येतात.'

ते पाठवून ती उरलेली केळी सोलायला बसली. तेवढ्यात फोन वाजला. हेमालीने तो उचलला आणि उभ्या उभ्याच बोलू लागली. हो, होळीहूनच. हो, आमच्याच वाडीतली. किती टिकतात, म्हणून पलीकडून कुणी विचारलं असावं.

"कोरड्या डब्यात ठेवा," हेमाली म्हणाली. "पानी लागू देऊ नका."

पलीकडून काहीतरी हसण्यासारखं ऐकू आलं. हेमालीचा चेहरा तापला. फोन तिने दुसऱ्या कानाला लावला.

"हो, पानी. बरोबर ऐकलंत. बोला, किती पाठवू?"

यशोदेने मान वर केली नाही. पाटावर ती जराशी सरकली, आणि सोललेल्या केळ्यांचं ताट दोघींच्या मध्ये येईल असं ओढून ठेवलं.