मंगळाचा दुसरा चंद्र

“अहो, सापडला का?” खोलीतून हाक आली, तसा गच्चीवरचा म्हातारा दचकला.

कारखान्यात लेथवर धातू कातण्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस. दुर्बीणही त्यानं स्वतःच घडवलेली. मंगळाच्या दोन चंद्रांपैकी बाहेरचा त्याच्या फोटोत केव्हाच आला होता. आतला मात्र मंगळाला खेटून फिरतो, त्यामुळे त्या झगमगाटात बुडून जायचा. म्हणून बायकोच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी कापून त्यानं कॅमेऱ्यापुढे पट्टी बसवली होती. मंगळ पट्टीआड गेला की चंद्रानं दिसायला हवं.

आज पहाटेपर्यंत जमलं नाही, तर मंगळ पुन्हा असा जवळ यायला सव्वीस महिने. बायकोला डॉक्टरांनी दोनसुद्धा दिले नव्हते.

“सापडला!” कॉम्प्युटर तिच्या खाटेशी आणत तो म्हणाला.

तिनं चष्मा चढवला. ठिपका होता खरा.

“तासाभरापूर्वीचा फोटो दाखवा.”

“अगं, तो कशाला आता?”

“दाखवा म्हणते ना!”

त्या फोटोतही ठिपका तिथंच होता. तसूभर हललेला नव्हता.

“चंद्र जागा सोडतो, कॅमेऱ्यातला डाग सोडत नाही. तुम्हीच शिकवलंत,” ती म्हणाली. “जन्मभर केसाएवढा फरक खपवून घेतला नाहीत, आणि आता मला डाग दाखवता होय?”

त्यानं मान खाली घातली. “तुला बघायचा होता ना गं.”

“चंद्र बघायचा होता. वही आणा.”

वहीचा दंडक तिचाच: नोंदीखाली आधी तिची सही, मग त्याची. तिनं लिहिलं, ‘दिसला नाही’, आणि सही केली. त्यानंही केली.

“तुमची पट्टीच त्याला झाकतेय. आता उजाडायला आलं, पुढच्या खेपेला अरुंद कापा,” ती म्हणाली. “आणि थापा मारू नका. तेवढं एक काम तुम्हाला कधी जमलं नाही.”

सव्वीस महिन्यांनी मंगळ जवळ आला. कपाटात तिच्या गोळ्यांचं एक पाकीट उरलं होतं. त्याची चांदी म्हाताऱ्यानं अरुंद कापली. पहिल्याच फोटोत ठिपका उमटला. तो हरखला नाही. तासभर खुर्चीत बसून राहिला, मग दुसरा फोटो काढला.

ठिपक्यानं जागा सोडली होती.

त्यानं वही उघडली. तारीख घातली, वेळ घातली, ‘दिसला’ लिहिलं. खाली तिच्या सहीची जागा मोकळी होती. तिच्या आधी त्यानं कधी सही केली नव्हती.

पेनाला टोपण लावून त्यानं ते वहीत ठेवलं, आणि वही खाटेच्या त्या कडेला ठेवली, जिथं तिचा हात पोचायचा.