मागचा माणूस

आमच्या कचेरीत एक अलिखित नियम आहे. बैठकीला जो हजर नसतो, त्याच्या गळ्यात काम पडतं. त्या दिवशी मी बैठकीला नव्हते, कारण वर्कशॉपमध्ये एका टँकरच्या क्लचवरून माझं आणि मेकॅनिकचं चांगलंच वाजलं होतं. भांडून परत आले तेव्हा मी वाहन विभागाची 'सोबती' झालेली होते.

सोबती म्हणजे काय, हे मला पुढे 'हितगुज' वाचून कळलं. हितगुज हे आमच्या पालिकेचं कर्मचाऱ्यांसाठीचं वार्तापत्र. कोण निवृत्त झालं, कुणाच्या मुलीला किती मार्क पडले, पाठ दुखत असेल तर खुर्चीत कसं बसावं, असलं सगळं त्यात येतं, आणि आमचे ड्रायव्हर ते डब्याखाली अंथरतात. त्या महिन्यात पहिल्याच पानावर कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याची नवी योजना होती. प्रत्येक विभागात एक सोबती, त्याच्याशी कुणीही येऊन मोकळेपणानं बोलावं. वाहन विभागापुढे माझा फोटो. तोही ओळखपत्रावरचा, म्हणजे मी आत्ता चोर पकडणार आहे असा. खाली छापलं होतं, 'मन मोकळं करायचंय? बिनधास्त या.'

अख्खं यार्ड हसून लोळलं. कारण ड्रायव्हरांचा ड्यूटीचा चार्ट मी लावते. कुणाला कोणती गाडी, कुणाची कोणती पाळी, कुणाची रजा मंजूर आणि कुणाची नाही, सगळं माझ्या हातात. माघारी मला हँडब्रेक म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असंही नाही. रजेचा अर्ज मी आधी संशयानं बघते आणि मग वाचते. एखाद्याची आजी दुसऱ्यांदा वारली तर माझ्या लगेच लक्षात येतं. फोटो छापून आल्यावर जो तो खिडकीशी येऊन म्हणायचा, "मॅडम, जरा मन मोकळं करायचं होतं. शनिवारची सुट्टी मिळेल का?" मी म्हणायचे, "झालं मोकळं? आता गाडी काढा."

आम्हा सोबत्यांना अर्ध्या दिवसाचं शिक्षण दिलं ते कल्याण अधिकाऱ्यानं. पद नवं, माणूसही नवा, नीटनेटका, बोलताना दोन्ही हात टेबलावर एकात एक गुंतवून ठेवणारा. आमच्याकडे एखाद्याचं 'कल्याण झालं' असं चांगल्या अर्थानं कुणी म्हणत नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. त्यानं सांगितलं, मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, घड्याळाकडे बघायचं नाही, फक्त ऐकायचं, आणि ऐकलेलं आपल्यापाशीच ठेवायचं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मला न बोलण्याचं काम दिलंय. तो म्हणाला, "तुमच्याकडे माणसांची फारच टंचाई दिसते."

मग एका दुपारी मामा आले.

मामा म्हणजे पाण्याच्या टँकरवरचे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. शर्टाला कडक इस्त्री, बोलणं बेताचं, रजा मागणं तर जिवावर यायचं त्यांच्या. पण हल्ली त्यांचा टँकर उशिरा पोचायला लागला होता. लोकांच्या तक्रारी येत होत्या आणि मीच त्यांना खुलासा मागणारी नोटीस दिली होती. त्यामुळे ते आत आले आणि दार लोटून घेतलं, तेव्हा मला वाटलं, उत्तर आणलंय.

"बसा मामा. खुलासा आणलात?"

"खुलासा नाही, बाई. ते सोबतीचं काम तुमच्याकडेच आहे ना?"

मी हसणार होते, पण त्यांच्याकडे बघून हसू आलं नाही.

"आधी एक सांगतो," ते म्हणाले. "मी हे सोबतीला सांगतोय. चार्टवालीला नाही."

मी मान हलवली. मान हलवायला काय जातंय, असं वाटलं तेव्हा.

मामांच्या फेरीतल्या बेकरीमागच्या गल्लीत टँकर वळत नाही, उलटाच आत घालावा लागतो. पूर्वी प्रत्येक टँकरवर ड्रायव्हरच्या जोडीला एक मागचा माणूस असायचा. गाडी मागे घेताना तो पाठीमागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करायचा, आणि थांबायचं असलं की टाकीवर थाप मारायचा. मग वरून काटकसरीचा हुकूम आला. मागची माणसं बागांकडे दिली गेली आणि चार्टातला तो रकानाच गेला.

"मी गाडी मागे घेत होतो," मामा सांगायला लागले. "आरशात सगळं मोकळं होतं. एकदम एक म्हातारी किंचाळली. ब्रेक मारून खाली उतरलो, तर चाकाखाली बादली. पार चपटी. आणि बादलीला लागून एक पोरगी बसलेली, एवढीशी. बादली ओढून घेत होती बिचारी."

"लागलं तिला?" मध्ये बोलायचं नव्हतं, पण बोलले.

"नाही. रडलीसुद्धा नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. म्हातारीनं मला चार शिव्या घातल्या, मी पाणी दिलं आणि आलो. काही झालंच नाही, तर सांगणार काय कुणाला?" त्यांनी शर्टाची बाही सरळ केली. "पण तेव्हापासून आरशात बघितलं की ती दिसते. रस्ता रिकामा असला तरी दिसते. म्हणून मी सारखा उतरून मागे जाऊन बघून येतो. एका गल्लीत चारचारदा. लोक ओरडतात, उशीर होतो, तुमची नोटीस येते."

"मामा, हे नोटिशीच्या उत्तरात लिहायचं होतं."

"ऐका तर. काल लोक फारच अंगावर आले. काल मी उतरलो नाही. आणि आरशातही बघितलं नाही. बघवेचना. गाडी तशीच मागे घेतली."

काय बोलावं ते सुचेना, म्हणून गप्प बसले, आणि त्यांना वाटलं, बाई फार छान ऐकतात. "हलकं वाटलं," म्हणत ते उठले आणि गेले. त्यांचं ओझं उतरलं आणि ते सगळं माझ्या डोक्यावर येऊन बसलं.

समोर उद्याचा चार्ट होता. मामांना सोपी फेरी द्यावी म्हटलं, तर टँकर कुठे ना कुठे मागे घ्यावाच लागतो, भरायला लावतानासुद्धा. गाडीवरून उतरवावं, तर 'अनफिट' ठरलेल्या ड्रायव्हरला आमच्याकडे टायरच्या खोलीत बसवतात. जुन्या टायरांवर नंबर घालायचे आणि संध्याकाळची वाट बघायची. अमका 'टायरला गेला' असं यार्डात म्हणतात, तेव्हा आवाज असा खाली येतो की माणूस वारला असावा.

मी कल्याण अधिकाऱ्याला फोन लावला आणि नाव न घेता सगळं सांगितलं.

"नाव सांगा, मॅडम," तो म्हणाला. "जिवाला धोका असेल तिथे गुप्ततेचा नियम लागू होत नाही. मी त्यांना आजच्या आज गाडीवरून खाली घेतो."

"आणि मागचा माणूस परत देता येईल का?"

"तो मनुष्यबळाचा प्रश्न आहे. आमच्या कक्षेत येत नाही."

"मग मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या. तोवर कुणाचा जीव धोक्यात येणार नाही, ते माझ्याकडे लागलं."

त्यानं पलीकडे घड्याळ बघितलं असावं. मग "दुपारपर्यंत" म्हणाला. माणूस वाईट नव्हता, आणि नियमही बरोबरच होता. पण मामांनी दार लोटून घेतलं होतं ते माझ्यासमोर. नाव सांगितलं असतं तर मामा टायरला गेले असते, आणि त्यानंतर माझ्यासमोर दार लोटून कुणीही बसलं नसतं. न सांगावं, तर बेकरीमागच्या गल्लीत काय होईल, हे मला मनातसुद्धा पुरतं म्हणवेना. मागच्या माणसासाठी मी तिथेच बसून टिपणी लिहिली आणि वर पाठवली. ती अजून वरच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेल्या टँकरवर मी मामांच्या शेजारी जाऊन बसले. यार्डात सांगितलं, उशीर का होतो त्याची पाहणी करायची आहे. "आज गाडी हँडब्रेक लावूनच निघाली," असं मागून कुणीतरी म्हणालंच.

गल्लीच्या तोंडाशी बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या. मी खाली उतरले, सगळ्यांना भिंतीकडेला घेतलं, पोरांना ओट्यांवर चढवलं, गल्लीत कुणी उरलं नाही हे दोनदा बघून आले.

"मामा, आज मागे मी आहे," मी म्हटलं. "आरशाकडे बघू नका. माझा आवाज ऐका."

त्यांनी रिव्हर्स गिअर टाकला. मी मागे जाऊन उभी राहिले आणि "येऊ दे, येऊ दे" सुरू केलं. ओरडण्याची सवय मला आहेच. टँकर हळूहळू आत यायला लागला. एक दार गेलं, दुसरं गेलं, आणि मला वाटलं, जमलं. एवढंच तर हवं होतं माणसाला. मग गाडी थांबली. मी आवाज चढवला, तरी हलेना.

पुढे जाऊन बघते, तर मामांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळलेले आणि इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला.

"आवाज येतोय तुमचा," ते म्हणाले. "पण मधे ती बसलीये."

मी वळून गल्लीकडे बघितलं.

"तुम्ही बघू नका, बाई. नाहीये ती. मला माहितीये ना, नाहीये."

मी घाबरले, हे सरळ सांगते. माझ्या आवाजानं काम भागेल असं मी धरून चालले होते, आणि इथे माझा आवाज पोचत होता, तरी काही उपयोग नव्हता. मामांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

आम्ही तिथूनच पाइप ओढून पाणी दिलं. बायका कुरकुरल्या, मी त्यांच्याहून जास्त कुरकुरले, तेव्हा त्या गप्प झाल्या. पाणी चालू असताना आम्ही दोघं गाडीच्या पायरीशी उभे होतो.

"मामा," मी म्हटलं, "काल जे सांगितलंत ते चार्टवालीनंही ऐकलंय. मला दोघींचे वेगळे कान नाहीत."

"म्हणजे तुम्ही सांगणार."

"तुमचं नाव मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पण उद्या या गाडीपुढे ते लिहायला माझा हात होणार नाही. का, ते तुम्हीच जाऊन सांगायचं."

"तरी मी आधीच म्हटलं होतं, सोबतीला सांगतोय म्हणून." त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि ते मला जास्त लागलं. "टायरच्या खोलीत माझा जीव जाईल."

"आणि इथे कुणाचा जाईल, मामा?"

हे बोलायला नको होतं. पण दुसरं खरंही काही नव्हतं. त्यांनी तोंड फिरवलं. बादल्या भरत होत्या, पाइप एका दारापासून दुसऱ्या दाराकडे सरकत होता, आणि मामा भिंतीकडे बघत राहिले.

सल्ला द्यायचा नाही असं शिकवलं होतं. मी दिला.

"माझं ऐका. तुम्ही अनफिट नाही आहात. तुम्ही आजारी आहात. झोप लागते रात्री?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग आजारीच. आजारी म्हणून डॉक्टरांकडे जायचं, आजारी म्हणून रजा घ्यायची. चार्टात आजारी माणसाची जागा मोकळी ठेवतात, बदली माणूस येतो आणि जातो. अनफिट माणसाची जागा भरतात. हा फरक तुम्हाला कुणी सांगणार नाही, कारण चार्ट मी लावते."

"आणि यार्डात काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला काय काय म्हणतात ते तुम्हाला माहीत नाही का?"

ते किंचित हसल्यासारखं वाटलं, पण खात्री नाही. मग त्यांनी स्वतःच खिशातून फोन काढला आणि यार्डात लावला. "दुसरा ड्रायव्हर पाठवा," ते म्हणाले. पलीकडून गाडी बंद पडली का विचारलं असावं. मामांनी टँकरकडे बघितलं. "गाडी ठीक आहे," म्हणाले. "माझी तब्येत बरी नाही."

पालिकेच्या दवाखान्यात आम्ही बाकावर बराच वेळ बसलो. तिथूनच मी कल्याण अधिकाऱ्याला फोनवर कळवलं, माणूस आपणहून गाडीवरून उतरलाय. नंबर आला तेव्हा मी बाहेर थांबणार होते, तर मामा म्हणाले, "आत या. मध्येच उठून पळालो तर धरायला कुणीतरी पाहिजे." डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांना मामांनी सगळं सांगितलं, बादली, पोरगी, आरसा, आणि न बघता गाडी मागे घेतली ती दुपारही. मला सांगितलं होतं त्याहून हळू सांगितलं, आणि एक गोष्ट जास्त सांगितली. त्यांच्या नातीला ते आता उचलून घेत नाहीत. ती मागून पळत आली की त्यांचे पाय जागच्या जागी थिजतात.

डॉक्टरांनी उपचार सांगितले. पालिकेनं नेमलेल्या समुपदेशकाकडे दर आठवड्याला बसायचं, झोपेसाठी थोडे दिवस गोळी. मग त्यांनी रजेचा कागद पुढे ओढला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कधीपर्यंतची रजा लिहू?"

आयुष्यभर मी रजेचे दिवस कापत आले. त्या वेळी मात्र मी तोंड मिटून बसले, आणि ते सोपं नव्हतं.

"मला मागे बघता येईल तोपर्यंतची," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि तारखेची जागा कोरी सोडली.